शिडी कोण धरणार

बास्केटबॉलच्या जिममध्ये पाऊल टाकताच जोलीनला ती शिडी दिसली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. भिंतीला टेकवलेली, कोरी करकरीत, पायऱ्यांना ऑर्ली कॉलेजच्या निळ्या फिती बांधलेल्या. विजेतेपद मिळवणाऱ्या संघाने शिडीवर चढून बास्केटची जाळी कापायची आणि प्रत्येकीने एकेक तुकडा घरी न्यायचा, ही जुनी रीत. पण ऑर्लीशी अंतिम सामना अजून सुरूही झाला नव्हता.

"नवरी सजवून ठेवलीय बघ," तिच्या संघातली ऑड्रा म्हणाली. "वाजतगाजत नेऊ या हिला!"

जोलीनला हसू आलं नाही. याच जिमच्या दारावर एके काळी तिचं माणसाएवढं पोस्टर लागलेलं होतं. पहिल्याच वर्षी तिने ऑर्लीचे हरत आलेले सामने खेचून आणले होते. कोच मर्ल डेव्हिट चारचौघांत तिला 'माझी पोर' म्हणायचा. मग डाव्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशननंतरची सूज उतरायच्या आत डेव्हिट हॉस्पिटलात आला, हातात निळा फुगा घेऊन, आणि खुर्चीवर टेकलासुद्धा नाही.

"या गुडघ्यानं जिना चढलीस तरी खूप झालं, पोरी. तुझी शिष्यवृत्ती मी दुसरीला दिलीय."

आई ढसाढसा रडली. जोलीनने फुगा फोडला. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट हवी होती: या माणसाने भर जिममध्ये मान खाली घालून उभं राहावं आणि ते सगळ्या गावाने पाहावं. लोक म्हणतात, राग मनात ठेवू नये. म्हणणाऱ्यांचं काय जातं! त्या रागाच्याच जोरावर ती पुन्हा चालायला शिकली होती. नदीपलीकडच्या स्टोन फेरीने, गळक्या छपराच्या त्या एवढ्याशा कॉलेजने, तिला लंगडत असताना पदरात घेतलं आणि तिने त्यांना इथवर, अंतिम सामन्यापर्यंत आणलं.

सामनाभर ती लांबूनच चेंडू टाकत राहिली. बास्केटखाली घुसून डाव्या पायावर उडी एकदाही घेतली नाही. डेव्हिटच्या नजरेतून हे सुटणार नाही, याची तिला खात्री होती. त्यानेच तर तिला घडवलं होतं.

शेवटचे काही सेकंद उरले. स्टोन फेरी एका गुणाने मागे, चेंडू जोलीनच्या हातात.

"बाहेरच अडवा तिला!" डेव्हिट घसा फोडून ओरडला. "आत नाही घुसायची ती! त्या गुडघ्यावर उडी मारत नाही!"

दोघीजणी तिच्या अंगावर धावून आल्या आणि आतली वाट मोकळी झाली. जोलीन उजवीकडून आत शिरली. अख्खा सामना राखून ठेवलेला तो डावा गुडघा तिने जमिनीत रोवला आणि उडी मारली. कळ थेट मस्तकात गेली. चेंडू जाळीतून खाली पडला तेव्हा सामना संपल्याचा भोंगा वाजत होता.

ऑर्लीच्या गॅलऱ्या गप्प झाल्या. एका कोपऱ्यात तिची आई तेवढी वेड्यासारखी ओरडत होती. निळ्या फितींची शिडी नाइलाजाने बास्केटखाली आणली गेली. पहिला मान जोलीनचा. हातात कात्री घेऊन ती वळली आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, ऑर्ली कॉलेजच्या अध्यक्षांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली,

"कोच डेव्हिट, जरा शिडी धरता का? माझा गुडघा अधू आहे. जिना चढला तरी खूप, तुम्हीच म्हणाला होतात."

त्याचा चेहरा पडला. त्याने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी ओशाळं हसत मान डोलावली. नाही म्हणायची सोय राहिली नाही. तो आला आणि त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली.

जोलीन सावकाश चढली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, थांबत, कुणीतरी हॉस्पिटलात चालायला शिकतं तशी. वर पोचल्यावर तिने गावाकडे एक नजर टाकली, जाळीचा एक धागा कापला आणि कानामागे खोचला. खाली डेव्हिटची चकाकती टाळू दिसत होती. तो वर बघत नव्हता. आपलं काम झालं असं समजून त्याने एक हात काढून घेतला.

"कोच," ती वरून म्हणाली, "सोडू नका. अजून अख्खा संघ चढायचाय."