ताडावरचा माणूस

"'ताडाच्या शेंड्यावरी वैरी, टिपला एकाच गोळीने!'" गोकुळदास मास्तरांनी ओळ दुसऱ्यांदा म्हटली. "कशी वाटली?"

धाकू घराच्या सोप्यावर मान खाली घालून बसला होता. "मास्तरांनू, तो वैरी नव्हतो. रेंदेर होतो. ताडी काढूक चढलेलो."

"बरं, मग?"

"तां घाला कवितेत."

मास्तर हसले. "वृत्तात बसत नाही रे."

मेलेला माणूस वृत्तात बसतो. तो कोण होता ते बसत नाही. आमच्याकडच्या युद्धकविता अशाच. लिहिणाऱ्याने बंदूक पाहिलेली असते ती पोलीस ठाण्याच्या दारात. वैरी कायम उंचावर, गोळी कायम एकच, आणि जवान घरी येऊन गाढ झोपतो. धाकू भारताच्या शांतिसेनेत लढून लंकेतून परत आला त्याला वर्ष होत आलं होतं. तो झोपत नव्हता. सुकी झावळ पडली तरी अंगणात पालथा पडायचा, डोक्यावर हात घेऊन. बायको, सुमंगला, पोरांना दटावायची, "हसा नकात, बापूस तो तुमचो."

मास्तरांना यातलं काही नको होतं. गोवा घटक राज्य होऊन दोन वर्षं झाली तरी भाषेचं भांडण मिटलं नव्हतं, आणि मास्तर मराठीवाले.

"कोकणीवाल्यांकडे कवी पायलीचे पन्नास. पण जवान आहे एक तरी? आमच्याकडे तू आहेस. राज्याच्या वाढदिवसाला देवळासमोर ही कविता झालीच पाहिजे."

म्हणजे तो ताडावरचा माणूस मेल्यावरही सुटला नव्हता. आता तो मराठीच्या कामाला लागला होता.

धाकूचा बाप विठ्ठल खांबाला टेकून ऐकत होता. तोही रेंदेरच. सारा जन्म माडावर चढून माडी उतरवण्यात गेला. त्याची माडी गावाला चालायची, पण देवळात त्याची जागा मागे, चपलांपाशी. या वेळी मास्तरांनी त्याला पुढच्या ओळीत खुर्ची कबूल केली होती.

"पुता, मास्तर इतक्या बरा लिवतत," विठ्ठल म्हणाला. "तू गप ऱ्हव."



कार्यक्रमाला मंडप भरला. विठ्ठल इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीच्या कडेवर बसला, कोणी उठवील या भीतीने. मास्तरांनी कविता म्हटली. त्या ओळीला टाळ्या पडल्या, वन्स मोअर झाला, गोळी पुन्हा सुटली. धाकूने कानांवर हात ठेवले. लोकांना वाटलं, लाजला.

शेवटी रीतीप्रमाणे गाऱ्हाणं, गावाच्या वतीने देवाला घालायचं साकडं. ते घालायचा मान गावातल्या म्हाताऱ्या महादेवचा. तो नारळ हातात घेऊन देवासमोर उभा राहिला. "बा देवा महाराजा, ह्या धाकून वैऱ्याक मारल्यान, गावाचा नाव केल्यान. तेका बरकत दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" मंडप गरजला.

धाकू उठला आणि त्याने महादेवच्या हातातून नारळ काढून घेतला. असं कधी कोणी केलं नव्हतं.

"बा देवा महाराजा, माझा गाऱ्हाणा आज मीच घालतंय."

"व्हय महाराजा!" सवयीने सगळे ओरडले.

"लंकेत ताडार एक माणूस होतो."

"व्हय महाराजा!"

"कमरेक मडक्या, हातात कोयती. सायबान विचारल्यान, कोण रे तो? कोणाकच कळना. माका कळला. मी रेंदराचो झील, बापूस माझो माडार चढता."

"व्हय..." अर्धा मंडप अडखळला.

"मी सांगूक नाय. भियालंय. सायब म्हणालो, मार, आणि मी मारलंय. पडताना तेणी मडक्या पोटाशी धरलेल्यान, फुटात म्हणून. महाराजा, मी ओळखून मारलंय."

महादेव स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. मागून कोणीतरी ओरडलं, "माइक बंद करा मरे!" मास्तर घाईघाईने म्हणाले, "थकलाय तो. प्रसाद वाटा, प्रसाद वाटा."

धाकू नारळ धरून तसाच उभा. त्याचे डोळे पुढच्या ओळीवर होते. सगळा गाव नको होता त्याला, एका आवाजातलं 'व्हय महाराजा' पुरलं असतं.

विठ्ठल खुर्चीवरून उठला आणि चपला शोधायला मागे गेला.



दुसऱ्या दिवशी सकाळी विठ्ठल कमरेला मडकं बांधून अंगणातल्या माडापाशी आला. धाकू दारात तोंड धूत होता. म्हाताऱ्याने पहिल्या खाचेत पाय ठेवला, धाकूकडे पाहिलं आणि पाय परत खाली घेतला. माडाला हात लावून तो नुसताच उभा राहिला.

धाकूला आधी समजलं नाही. मग समजलं: वर रेंदेर, आणि खाली तो. तांब्या तिथेच ठेवून तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

तेव्हा विठ्ठल चढला.