न विचारता पुकारलेली देणगी

मित्रांनो, मी भैरोबाच्या देवळावरचा एक जुना कर्णा आहे. कडेला पोचे पडलेत, रंग उडालाय, पण आवाज खणखणीत आहे. आज मी रागात बोलणार आहे. ऐकवत नसेल तर कानांवर हात ठेवा.

मला बारामतीच्या बाजारातून आणलं, तेव्हा गुलाल लावून हार घातला होता. तेव्हापासून हरवलेली शेळी, रेशनचा तांदूळ, पाण्याची पाळी, सगळं मीच सांगत आलो. यात्रेत देणगीदारांची नावं पुकारणं हे माझं मानाचं काम. आमच्या गावची रीत अशी, की कर्ण्यावर पुकारलेली देणगी मागे घ्यायची नाही. घेतली तर घराण्याची अब्रू जाते.

यात्रेतली कबड्डीही मीच गाजवली. कुशाबाईंचा इंद्रजित त्याच मातीत तयार झाला. इंदापूरच्या संघाचे चार गडी त्याने एका चढाईत बाद केले, तेव्हा ओरडून ओरडून माझा घसा बसला होता. पुढे तो मोठ्या लीगमध्ये गेला. लिलावात त्याला साठ लाख मिळाले आणि गावाची नजरच फिरली. कुणाला त्याच्याकडून कमान हवी, कुणाला व्यायामशाळा. लोणी देवकरला कंपनीत जाणारी, कमावती माणसंसुद्धा त्याच्याकडे बूट मागू लागली. त्याने शाळेला कबड्डीची मॅट दिली. तेव्हा त्याचं नाव पुकारावं असं एकालाही वाटलं नाही. मॅट लोकांना कमी वाटली ना!

यंदा त्याचा गुडघा गेला. संघाने नारळ दिला. ऑपरेशन झालं, पण पुन्हा खेळता येईल की नाही, हे डॉक्टरही सांगेनात. गाठीला असेल तेवढ्यावरच आता जन्म काढायचा. असा तो काठी टेकत यात्रेला आला आणि आईशेजारी बसला. तेवढ्यात यात्रा कमिटीचे मानसिंग तात्या माइकवर गरजले, "आपल्या इंद्रजितकडनं सभामंडपाला एकवीस लाख!"

त्याला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं! खोटं तात्यांचं आणि तोंड माझं. संतापाने माझा पत्रा थरथरला.

"तात्या, मी कवा म्हनलो?" इंद्रजित उठायला धडपडला.

"गावानं तुला खांद्यावर नाचवलं, इसरलास व्हय? पुकारलेलं मागं घ्येत न्हाईत."

पोराची मान खाली गेली. तशा कुशाबाई उठल्या, तरातरा पुढे गेल्या आणि तात्यांच्या हातातला माइक त्यांनी हिसकावला.

"मानसिंग तात्यांकडनं सभामंडपाला वढ्याकडची दोन एकर जमीन!"

मी जीव तोडून ओरडलो. लोकांनी सवयीने टाळ्याही वाजवल्या. तात्या पांढरेफटक पडले आणि माइकवर झेपावले.

"वैनी, मला इचारलं व्हतं का कुणी?"

माइक चालूच होता. त्यांचा प्रश्न मी साऱ्या गावाला ऐकवला. टाळ्या थांबल्या. मग गावात पहिल्यांदाच पुकारा मागे घेतला गेला, एक नव्हे, दोन.

मित्रांनो, माझे पोचे काढू नका, मला रंगही देऊ नका. पण दान करायची हौस आली, तर आधी स्वतःच्या खिशात हात घाला. इंद्रजितचा पैसा साऱ्या गावाचा होता म्हणे. गुडघा मात्र त्याच्या एकट्याचा मोडला. तो मोडला त्या दिवशी त्याच्या मदतीसाठी कुणाचंही नाव पुकारायला मला कुणी सांगितलं नाही.