पट्ट्याची घडी

मास्तरांनी पट्ट्यासोबत आलेलं सूचनांचं पत्रक उघडलं तेव्हा मोटारसायकलचं मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं होतं आणि नवा पट्टा त्यांच्या मांडीवर होता.

आधी पत्रक वाचावं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण तीस वर्षं शिलाई मशीनचे पट्टे आपल्या हाताने बदललेल्या टेलरमास्तरांना कागद वाचून पट्टा बसवणं जरा कमीपणाचंच वाटे. गाडी धाकट्या बहिणीची. ती नर्स, घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांना बघायची. गाडीला साखळीऐवजी दात्यांचा रबरी पट्टा होता. दाते झिजले तेव्हा ती गॅरेजकडे निघालीही होती. मास्तरच आडवे आले.

"घरात मी असताना गॅरेज कशाला? मशीनचा काय नि गाडीचा काय, पट्टा तो पट्टा!"

"दादा, मशीन एका जागी उभं असतं रे," ती म्हणाली. सगळे हसले, मास्तरही हसले, पण हट्ट सोडला नाही.

पट्टा भल्यामोठ्या खोक्यात आला. एवढं खोकं दुकानात ठेवायचं कुठे? मास्तरांनी पट्टा बाहेर काढला आणि हाताने सवयीचं काम केलं. उरलेलं कापड ठेवतात तसा चौपदरी दुमडला, तळहाताने दाबून घडी बसवली, सुतळीने करकचून बांधला आणि बटणांच्या खणात सारला. चांगले दहा दिवस. बरोबर मावला म्हणून स्वतःवर खूशही झाले होते.

आता पत्रक सांगत होतं: पट्टा दुमडू नये. दुमडल्यास आतले धागे तुटतात, वरून दिसत नाही. असा पट्टा बसवू नये. चालत्या गाडीत अचानक तुटू शकतो.

मास्तरांनी पट्टा उजेडात धरला, घडीच्या जागी अंगठा फिरवला. कापडावरची मोड त्यांना डोळे मिटूनही कळायची. इथे काहीच कळेना. काळा, गुळगुळीत, कोरा करकरीत.

"काही झालेलं नाही," ते पुटपुटले. गिऱ्हाइकाचं कापड आखूड कापलं गेल्यावर निघतो, तसा तो आवाज होता.

"काय मास्तर, जमतंय का?" शेजारच्या पोस्टमनकाकांनी कुंपणावरून मान काढली. "की शेवटी गाडीला बाह्या लावून देणार?"

"जमतंय म्हणजे? झालंच समजा!"

शब्द तोंडातून गेला आणि हात मागोमाग चालू लागले. पत्रक खिशात गेलं. चाक जागेवर आलं. पट्टा पुढच्या पुलीवर चढला, मग मागच्या. चाक मागे घेऊन ताण धरला, दोन्हीकडच्या खुणा जुळवल्या, पान्हा लावून नट आवळला. चाक फिरवलं तर टाक्यासारखं सरळ फिरलं. बहिणीने कोपऱ्यापर्यंत चक्कर मारली आणि काकांच्या देखत म्हणाली, "मानलं बाई दादाला!" मग आत जाऊन तिने स्वतः चहा केला. मास्तरांनी कप तसाच बाजूला ठेवला. सांगू, उद्या सांगू. ती सावकाश चालवते. एवढ्यात काय तुटतंय?

सकाळी ती निघाली. गाडी सुरू झाली. मास्तर दारात उभे, हात खिशातल्या पत्रकावर. ओठ हलले, पण निघालं एवढंच, "हळू जा."

"रोज हळूच जाते रे." मग तिने आत हाक मारली, "वहिनी, बाजारात जायचंय ना? चला, सोडते."

मास्तरांची बायको पिशवी घेऊन आली आणि तिने मागच्या सीटवर हात ठेवला.

"थांब!" मास्तर एवढ्या मोठ्याने ओरडले की तिच्या हातून पिशवी पडली. "नको बसूस. तो पट्टा... चांगला नाही."

बहिणीने गाडी बंद केली. मास्तरांनी पत्रक पुढे केलं, अडखळत सगळं सांगितलं. तिने वाचलं.

"तुला कधी कळलं?"

"काल. बसवायच्या आधी."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने पत्रक घडी करून परत दिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे वहिनी आल्या नसत्या, तर मी गेलेच असते."

'तसं नाही गं' हे जिभेवर तयार होतं. पण तसंच होतं.

"अहो, बोला ना काहीतरी," बायको काकुळतीने म्हणाली. मास्तरांना तिच्याकडेही बघवेना.

बहिणीने औषधांची बॅग सोडवली. मास्तर धरायला पुढे झाले. "राहू दे," ती म्हणाली आणि बस गाठायला चालू लागली. उशीर झाला होता. कोपऱ्यावर ती पळताना दिसली.

मास्तरांनी दुकान उघडलं नाही. पान्हे घेऊन गाडीपाशी बसले.

"हे काय?" काका कुंपणाशी आलेच. "काल तर झालंच होतं ना हो?"

पट्टाच खराब निघाला, एवढं म्हटलं असतं की भागलं असतं. काकांनी कंपनीला दोन शिव्याही घातल्या असत्या.

"पट्टा चांगला होता, काका. मीच घडी घालून ठेवला होता. आणि कळल्यावरही बहिणीला सांगितलं नाही."

काकांच्या ओठांवर आलेला विनोद तिथेच राहिला. ते कुंपणावरचा हात काढून आत गेले.

मास्तरांनी नटाला पान्हा लावला. काल त्यांनीच जोर लावून आवळलेला तो. सहजासहजी सुटेना.