तीन दिवसांचं सुतक

शनिवारी सकाळी रमाआत्यांनी मोरीच्या दारात गरम पाण्याची बादली आणून ठेवली आणि हाक मारली, "हेमा, ऊठ. तुझं सुतक फिटलं. डोक्यावरून आंघोळ कर, आणि मग आईला नि विनीतला शिवू नकोस."

हेमांगी भिंतीला टेकून बसली होती. बुधवारी पहाटे बाबा गेले, तेव्हापासून ती ठाकुर्लीला माहेरच्या दोन खोल्यांतच होती. तिला वाटलं, आत्यांची मोजण्यात काहीतरी चूक होतेय.

"माझं कसं फिटेल? दहा दिवस असतात ना?"

"दहा विनीतला आणि तुझ्या आईला. लग्न झालेल्या लेकीला तीन. मला नव्हते का? माझे वडील गेले, चौथ्या दिवशी मी सासरी कल्याणला गेले आणि दिराच्या केळवणाच्या पोळ्या लाटल्या. कुणी विचारलंसुद्धा नाही."

आता घ्या! शास्त्र ते शास्त्र. ते कुणी लिहिलं, लिहिणाऱ्याला लेक होती की नव्हती, हे विचारायची सोय नाही. ज्या लेकीच्या मागे हा बाप वर्षानुवर्षं पहाटे स्कूटर घेऊन फिरला, तिला तीन दिवस. आणि तिच्या ज्या भावाला, विनीतला, उठवायला तांब्याभर पाणी ओतावं लागे, त्याला दहा.

बाबा, म्हणजे प्रभाकर, स्वतः कधी बस पकडायलाही धावले नसतील. पोट सुटलेलं, पायात चपला. पण शाळेच्या मैदानावर आपली पोरगी पोरांना मागे टाकते हे पाहिलं आणि माणसाला वेड लागलं. शीळफाट्याच्या रस्त्यावर ट्रक वाढायच्या आत ती पुढे धावायची आणि मागून बाबांची स्कूटर. दिव्याच्या उजेडात तिची सावली पुढे लांबच लांब पडायची, आणि मागून एकच आरोळी यायची, "हेमा, खांदे!" दमली की तिचे खांदे कानांकडे चढायचे, तेवढी एक खोड होती. शर्यत संपली की सगळं जग विचारायचं, कितवी आलीस? बाबा विचारायचे, "शेवटी खांदे खाली होते का?"

एके काळी जिल्ह्यात तिच्या पुढे कुणी नव्हतं. मग नडगीचं हाड चिरलं, मग लग्न होऊन ती ठाण्याला गेली, मग लेक झाली, श्रिया. 'आता कशाला' म्हणता म्हणता सात वर्षं गेली. गेल्या वर्षीच्या दिवाळीत बाबा बुटांचा खोका घेऊन तिच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "मला हल्ली जिना चढवत नाही. तू तरी धाव."

ती धावायला लागली. रविवारची ठाण्यातली दहा किलोमीटरची शर्यत ही तिची परत येण्याची शर्यत होती. बाबा मुद्दाम रिक्षा करून रस्ता बघून आले होते. माजिवड्याचा पूल उतरला की डाव्या हाताला. "तिथे तुझे खांदे चढणार, मी तिथेच उभा राहणार," असं त्यांनी बजावून ठेवलं होतं.

आंघोळ करून हेमांगी दाराशी वेगळी बसली. समोर चटईवर गोटा केलेला विनीत, त्याच्या शेजारी आई. मध्ये चार फरश्या, पण हात लावायची बंदी. तिला इतकं परकं कधी वाटलं नव्हतं, सासरी पाऊल टाकलं त्या दिवशीसुद्धा नाही.

संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या शर्यत आहे ना? जा."

रमाआत्यांच्या हातातलं भांडंच खाली आलं. "सरोज, शुद्धीवर आहेस का? बापाची राख निवली नाही आणि पोरगी रस्त्यावर पळणार? लोक तोंडात शेण घालतील!"

"वन्सं, तिचं फिटलं असं सकाळी तुम्हीच म्हणालात. मग आता कशाच्या नावाने अडवता?"

आत्या पडलेलं भांडं उचलायला वाकल्या. पण हेमांगीच म्हणाली, "आई, मला नको आहे ही मोकळीक. मला इथे बसायचंय, विनीतसारखं. मी त्यांची कुणीच नव्हते का?"

सरोजचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "हा नियम मलाही कधी पटला नाही. माझ्या आईच्या वेळी मीही गपगुमान आंघोळ केली होती. पण आयुष्यात एकदा तो तुझ्या कामी येतोय, तर येऊ दे. त्यांनी वर्षभर या एका सकाळची वाट पाहिली, हेमा."

मग ती गेली.

रविवारी ठाण्यात बोचरी थंडी होती. तिच्या वेळच्या मुलींपैकी कुणी दिसेना. सुरुवातीच्या रेषेवर कोवळ्या पोरी उभ्या, त्यातली एक म्हणाली, "काकू, जरा साइडला व्हा ना." शिट्टी झाली. पहिली निम्मी शर्यत हेमांगीने नुसत्या रागावर काढली. आत्यांवर राग, शास्त्रावर राग, आणि खरं सांगायचं तर चार दिवस थांबले नाहीत म्हणून बाबांवर राग. तिसऱ्या नंबरवर होती ती!

माजिवड्याच्या पुलाच्या चढावर राग संपला. खांदे चढले. ते तिला कळलं, पण तिने सोडले नाहीत. ती आरोळीची वाट बघत राहिली. हसू नका, माणूस असंच करतं. पूल उतरला. डाव्या हाताला एक बंद टपरी होती, तिच्यापुढे रिकामा फुटपाथ. तिथे कुणीही नव्हतं.

बाबा गेले हे तिला बुधवारी सांगितलं होतं. ते कळलं तिला इथे. रडू फुटलं, आणि रडता रडता धावता येत नाही, छाती दोन्ही कामं एकदम करत नाही. पाय अडखळले. दोघीजणी पुढे निघून गेल्या. थांबावं, इथेच या फुटपाथवर बसावं, असं तिला फार वाटलं.

"हेमा, खांदे!"

ती स्वतःच ओरडली होती. इतक्या मोठ्याने, की पाण्याचे ग्लास धरून उभा असलेला पोरगा दचकला. खांदे खाली आले. थोड्या वेळाने ती पुन्हा ओरडली, मग पुन्हा. बघणाऱ्यांना वेडी वाटली असेल. वाटू दे. पुढे गेलेल्या दोघींतली एक तिने शेवटच्या वळणावर गाठली.

चौथी आली. चौथीला बक्षीस नसतं. छातीवरचा नंबर तसाच ठेवून ती तडक ठाकुर्लीला आली.

रमाआत्या दारातच होत्या. "कितवी?"

"चौथी."

"म्हणजे एवढं करून हात हलवतच आलीस."

आतून, चटईवरून, विनीतचा आवाज आला. हा गडी जन्मात एकदाही बहिणीची शर्यत बघायला गेला नव्हता. त्याने विचारलं, "ताई, शेवटी खांदे खाली होते का गं?"

हेमांगीने बूट काढले. मग ती त्या चार फरश्या ओलांडून गेली.

"अगं, शिवू नकोस!" आत्या ओरडल्या.

तिने विनीतचा हात धरला आणि आईच्या मांडीत डोकं खुपसलं. "होते," ती म्हणाली, "खाली होते." आईने तिच्या घामट केसांवर हात ठेवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडली.

"केलंस ना!" आत्यांनी कपाळावर हात मारला. "लागलं ना पुन्हा सुतक! ऊठ, डोक्यावरून पाणी घे आधी."

"घेईन, आत्या. दहाव्या दिवशी. या दोघांबरोबर."

रमाआत्यांनी बादली उचललीसुद्धा होती. ती त्यांनी खाली ठेवली. त्या तिघांकडे बघत त्या हळूहळू उंबऱ्यावरच बसल्या.

"मला नाही गं सुचलं हे तेव्हा," त्या म्हणाल्या.