सतरा नंबरच्या बाटलीतलं पाणी

मी एक जुनी काचेची बाटली आहे. मित्रांनो, माझ्यात सरबत नसतं आणि खोकल्याचं औषधही नसतं. माझ्यात लोकांच्या पिण्याचं पाणी तपासायला आणतात. माझ्या खांद्यावर सतरा हा आकडा कोरलेला आहे आणि गेली चौदा वर्षं मी रायपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत राहते. जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या हातपंपांचं आणि विहिरींचं पाणी प्यावं की नाही, हे इथे ठरतं. निदान दारावरच्या पाटीवर तसं लिहिलेलं आहे.

काचेच्या कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवते ती इथली पहिली आंघोळ. आधी साबण, मग कढत पाणी, मग बंद भांड्यातली वाफ आणि शेवटी डोक्यावर दोऱ्याने बांधलेली तपकिरी कागदाची टोपी. इतकं सोवळं तुमच्या देवघरातही पाळत नसतील. तेव्हापासून मला स्वच्छतेची खोडच लागली. धुऊन झालं की मी फळीवर अशी ऐटीत बसायचे की शेजारच्या सोळा नंबरला माझा राग यायचा.

तेव्हा नमुने आणायला यशवंतराव जात. ते हातपंप आधी पाच मिनिटं हापसून घ्यायचे, पंपाचं तोंड ज्योतीवर शेकायचे आणि मगच माझी टोपी काढायचे. आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाहीत. पाणी भरलं की बर्फाच्या पेटीत, आणि त्याच दिवशी दुपारी रायपूर. त्या पाण्यात कधी किडे असत, कधी नालीचा वास असे. मला एकदाही किळस आली नाही. डॉक्टरला रोग्याची किळस येऊन कसं चालेल? घाण पोटात घ्यायची आणि ती उजेडात आणायची, हेच माझं काम होतं. एकदा माझ्यामुळे एका शाळेजवळची विहीर बंद झाली. त्या दिवशी यशवंतरावांनी मला लाडाने दोनदा धुतलं.

ते निवृत्त झाले आणि दिवाकर आला. रायपूरच्याच गुढियारीचा, गोडबोल्या. महिन्याला अमुक इतके नमुने आलेच पाहिजेत, असा वरून हुकूम होता. गाडी एकच, आणि तीही निम्मे दिवस आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांच्या दौऱ्यावर. त्याची अडचण मला कळते. पण त्याने काढलेली पळवाट ऐका.

तालुक्याच्या गावी एक विश्रामगृह आहे. तिथल्या स्वयंपाकघरामागच्या नळाला क्लोरीन टाकलेलं शुद्ध पाणी येतं. दिवाकर तिथे पेटी उघडायचा, आम्हा चोवीस जणींना ओट्यावर ओळीने बसवायचा आणि त्या एकाच नळाखाली भरायचा. मग चहा मागवायचा आणि चहा पिता पिता आमच्यावर गावांच्या चिठ्ठ्या चिकटवायचा.

तिथले चौकीदार भैय्यालाल एकदा म्हणाले, "क्यों भैया, चौबीस गांव का पानी एक ही नल से?"

दिवाकर हसला. "पाणी पाणीच असते, भैय्यालाल. तुम्ही बिस्कुट आणा."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मला किळस आली ती त्या दिवशी. पाणी आरशासारखं निर्मळ होतं, पण माझ्यावर चिकटवलेलं गाव त्याचं नव्हतं.

पाणी तपासायच्या शारदाताई. चौबे कॉलोनीतून वेळेवर येणाऱ्या, कामाला चोख. त्यांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं. त्या पाण्यात औषधाचा थेंब टाकत. पाण्यात क्लोरीन असला की ते पिवळं होतं. नळाचं पाणी पिवळं होणारच, पण जमिनीतून हापसलेल्या पाण्यात क्लोरीन कुठून येणार? ताईंनी शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहिलं. साहेबांनी कागद परत पाठवला. शेऱ्याचा रकाना रिकामा ठेवायचा असतो म्हणे! ताईंनी पुन्हा लिहिलं, कागद पुन्हा परत आला. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं नाही.

मग एके दिवशी सकाळी अंजनाबाई आल्या. नालापारा नावाच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, त्या मितानीन; गावातल्या आजारपणाची काळजी घेणाऱ्या बाई. माहेर गोंदियाकडचं. दोन बस बदलून आल्या होत्या आणि हातात आमच्याच प्रयोगशाळेचा कागद होता.

"दीदी, याच्यात लिवलं आहे पाणी पिण्यायोग्य. मग आमच्या पाऱ्यातल्या पोट्ट्यायचे डोळे काहून पिवळे होऊन राहिले? नऊ पोट्टे झाले."

"हातपंपाजवळ काही आहे काय?" ताईंनी विचारलं.

"हव, नाली आहे न. संडासाचं पाणी त्याच्यातूनच जाते." त्या जरा थांबल्या. "मायी सून गंधाली सातव्या महिन्यात आहे. पोटुशीले कावीळ झाली तं बाई वाचत नाही म्हणते. मले लय भेव लागून राहिलं."

ताईंनी फळीवरून मला उचललं. टोपी कशी काढायची, बोट कुठे लावायचं नाही, सगळं दाखवलं. अंजनाबाईंनी मला कापडात गुंडाळून मांडीवर घेऊन नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पंप अगदी यशवंतरावांसारखा हापसला आणि मला भरून, बस स्टँडवरच्या गोळेवाल्याकडून बर्फ घेऊन, रायपूरला पोहोचवलं. किती वर्षांनी माझ्या पोटात खरं पाणी पडलं होतं! ताईंनी ते तपासणीच्या कुपीत ओतलं. त्यात मैल्याची घाण असली की कुपी काळी पडते. दुसऱ्या दिवशी ती काजळासारखी काळी झाली होती आणि तिला सडक्या अंड्यांचा वास येत होता. खोलीतल्या सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. मला मात्र तो वास अभिमानाचा वाटला.

ताईंनी लगेच फोन केला. "अंजनाबाई, पंप बंद करा. कोणाले पिऊ देऊ नका. पक्का रिपोर्ट मी पाठवते." अंजनाबाईंनी पंपाला बाभळीचे काटे बांधले.

साहेबांनी काय केलं, सांगू? कुपीकडे पाहिलंसुद्धा नाही. नमुना अधिकृत माणसाने घेतलेला नाही, फॉर्मवर दिवाकरची सही नाही, तेव्हा तो बाद. दिवाकरला पुन्हा पाठवा.

दिवाकर पेटी घेऊन निघाला. मी त्या पेटीतच होते. गाडी विश्रामगृहात थांबली. तोच ओटा, तोच नळ, तीच बिस्किटं. माझ्यावर चिठ्ठी लागली 'नालापारा'. मला त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण ते खोटं पाणी मी पोटात घेऊन रायपूरला आणलं. एक थेंबसुद्धा सांडला नाही.

महिनाअखेरची बैठक होती. ताईंपुढे कागदांचा ढीग होता. नालापाऱ्याच्या पाण्यात थेंब टाकला, पाणी पिवळं झालं. ताईंचा पेन थांबला. मी समोरच होते, मी पाहिलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, मग शिपायाकडे, जो कागद न्यायला उभा होता. आणि सही केली.

पाच आठवड्यांनी अंजनाबाई पुन्हा आल्या. हातात पितळी लोटा होता, त्याचं तोंड फडक्याने बांधलेलं.

"तुमी म्हटलं होतं, पक्का रिपोर्ट पाठवतो," त्या हळूच बोलल्या. "पंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. म्या तुमची सही पायली. म्हटलं, दीदीनं पायलं म्हणजे पाणी सुधरलं. मीच आपल्या हातानं काटे काढले."

काटे काढले त्याच दिवशी गंधालीची सधौरी होती. सातव्या महिन्यात माहेरची माणसं सात तऱ्हेचं खाणं घेऊन येतात, त्याला तिकडे सधौरी म्हणतात. पाहुणे बरेच होते. पाणी पंपाचंच भरलं.

"गंधाली कशी आहे?" ताईंनी विचारलं.

"सून वाचली. लेकरू नाही वाचलं."

अंजनाबाईंनी फडकं सोडलं. फळीवरून नेमकं मलाच खाली घेतलं आणि लोट्यातलं पाणी माझ्यात ओतलं. "हे आमचं पाणी. ठेवून घ्या," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

त्याच दुपारी शारदाताई रजा टाकून स्वतः नालापाऱ्याला गेल्या आणि मिस्त्री नेऊन पंपाचा दांडा काढून आणला. तो आता आमच्या खोलीत पडून आहे. साहेबांनी त्यांना नोटीस दिली आहे. दिवाकर अजून नमुने आणतो. शेऱ्याचा रकाना मात्र ताई रोज भरतात, कागद कितीही वेळा परत येवो.

मी ताईंच्या टेबलावर आहे. आतलं पाणी हिरवट झालं आहे, तळाशी गाळ बसला आहे, तोंडाशी वास येतो. येणारे जाणारे म्हणतात, ही घाण इथे कशाला? शिपाई दोनदा मला उचलून मोरीवर घेऊन गेला.

मित्रांनो, स्वच्छतेचा मला किती सोस होता ते तुम्ही ऐकलंच. पण आता माझं एकच मागणं आहे. मला धुऊ नका.