तामांदाचं बाळसं

डोवाच्या डोंगराकडच्या आमच्या गावात बारा घरांची जबाबदारी माझ्याकडे आहे. आरोग्यसेवक लाइसन मला शिकवतो आणि मी त्या घरांतल्या बायांना शिकवते. मक्याच्या पेजेत शेंगदाण्याचा कूट घाला, सोयाबीन भाजूनच दळा, लहानग्याला मोठ्यांच्या ताटात जेवायला बसवू नका, त्याची वाटी वेगळी ठेवा, असं सगळं. महिन्यातून एकदा आंब्याखाली रंगीत पट्टीने पोरांचे दंड मोजतो. पट्टीवर हिरवं आलं तर बरं, पिवळं आलं तर लक्ष ठेवायचं, लाल आलं तर दवाखाना. पण पट्टीच्या आधी दोन्ही पावलांवर अंगठा दाबून बघायचा असतो. खळगा राहिला तर ती सूज. मग पट्टी काहीही म्हणो, पोर आजारीच.

हे मी इतक्यांदा शिकवलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन.

शेजारची दोरिका मला मावशी म्हणते. एकोणीस वर्षांची पोर. तिची तामांदा चौदा महिन्यांची असताना तिला पुन्हा दिवस गेले आणि घरच्या म्हाताऱ्यांनी तामांदाचं अंगावरचं दूध तोडायला लावलं. तेव्हापासून पोरगी न्सिमाचा, म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या पिठाचा, गोळा आणि पाल्याचं पाणी यावरच होती. कूट का घालत नाहीस असं विचारलं तर दोरिका म्हणाली, शेंगा बियाण्याला ठेवल्यात. मी चारचौघींत तिला म्हटलं, "ठेव बाई, ठेव. पीक येईल तेव्हा खायला कोणी उरलं म्हणजे झालं." बाया हसल्या. त्यानंतर दोन महिने ती आंब्याकडे फिरकली नाही.

जूनमध्ये जिल्ह्याहून पाहुणे येणार होते. आमच्या बारा घरांत दोन वर्षांत एकही लाल नव्हतं, तेच बघायला. त्या दिवशी दोरिका आली. आमच्याकडे जून म्हणजे कडाक्याची थंडी. तामांदाच्या पायांत आजीने विणलेले मोजे होते. चेहरा गोल, गाल फुगलेले. पण केस तांबूस पडले होते आणि ती हसत नव्हती. जिथे ठेवावी तिथे बसून राहायची. माझ्या मनात पाल चुकचुकली.

पट्टी हिरवी आली. दोरिका हळूच म्हणाली, "मावशी, पाय दाबून नाही बघणार?"

पाहुणे शेजारीच उभे होते. मोजे काढले आणि खळगा पडला तर, हा विचार माझ्या मनात आला होता. आला नव्हता असं मी म्हणणार नाही. मी मोठ्याने म्हटलं, "दाबायचं काय त्यात? बाळसं धरलंय पोरीने. बघा ग बायांनो, सांगितलेलं ऐकलं की असं होतं." बायांनी टाळ्या वाजवल्या. दोरिका लाजली.

नवव्या दिवशी दोरिकाच्या आईने मला हाक मारली. तामांदाने तोंड मिटून घेतलं होतं आणि पोटऱ्यांची कातडी भाजल्यासारखी सुटत होती. मी अंगठा दाबला. उचलल्यावरही खळगा तसाच राहिला.

लाइसनने दोघींना सायकलवर बसवून इस्पितळात नेलं. मी मागून चालत पोचले, तेव्हा सूज कधीपासून आहे असं नर्स विचारत होती. दोरिका जमिनीकडे बघत राहिली. मीही गप्प बसले.

तिथलं पातळ दूध थोडं थोडं पाजत सूज उतरवली. पाचव्या दिवशी मी गेले तर खाटेवर भलतंच पोर असल्यासारखं वाटलं. गाल गेले, मांड्या गेल्या, आत होती तेवढी हाडं उरली. मी ज्याला बाळसं म्हटलं होतं ते सगळं पाणीच होतं. मी नेलेलं जेवण दोरिका खायची आणि दर वेळी म्हणायची, तू आहेस म्हणून निभावतंय मावशी.

तामांदा वाचली. सतरा दिवसांनी घरी आली आणि पहिल्यांदा शेजारच्या कोंबडीवर ओरडली, तेव्हा तिची आजी रडली.

ऑगस्टमध्ये आंब्याखालच्या बैठकीत मी सगळ्या बायांना सांगितलं. पाय दाबले नाहीत, आणि विसरले म्हणून नाही, नाक कापलं जाईल म्हणून दाबले नाहीत. एकेक बाई उठून गेली. दोरिका मागे राहिली.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी घरी जाऊन मी स्वतः दाबून बघितलं होतं. खळगा पडला."

"मग आली का नाहीस माझ्याकडे?"

"तू सगळ्यांसमोर चांगलं म्हणाली होतीस. किती दिवसांनी कोणी मला चांगलं म्हटलं होतं, मावशी. माझा अंगठा खोटा असेल असं वाटलं."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

हे काम दुसरीला दे, असं मी लाइसनला सांगितलं. तो म्हणाला, आता तूच नीट करशील. मी करते आहे. दोरिकाला ऑक्टोबरमध्ये मुलगा झाला. तामांदा तिच्या वयाच्या पोरांपेक्षा वीतभर बुटकी आहे, पण पळते.

बारा घरांतली एस्नात मात्र त्या बैठकीनंतर आपलं पोर मला मोजू देत नाही. पाठीला बांधून थेट दवाखान्यात नेते, दोन तास चालून. तिचं चुकतं असं मला एकदाही वाटलेलं नाही.