घरात कुणी भांडेना

मेहुणा वगीह जिलबीसारख्या मशब्बकचा डबा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच रिफअत सुताराच्या, सगळ्यांच्या ‘उस्ता’च्या, मनात पाल चुकचुकली. हा माणूस पोरीच्या लग्नापासून त्याच्याशी बोलत नव्हता! रिफअतने स्वतःच्या हाताने लेकीचं कपाट केलं आणि या पठ्ठ्याने ऐन वरपक्षासमोर तोंड उघडलं, ‘दार तिरकं आहे.’ नाईलकाठचं दुम्यात म्हणजे अख्खं सुतारांचं गाव. तिथे असं बोलणं म्हणजे भर बाजारात थोबाडीत मारण्यासारखंच.

आज तोच वगीह खुर्चीच्या कडेवर टेकून म्हणाला, “दार सरळच होतं रे, रिफअत. माझीच नजर फिरली होती.”

“तुला काय झालंय? बरा आहेस ना?”

“मला काय धाड भरलीय,” वगीह म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या.

रिफअत उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला, पुन्हा उठला. हल्ली त्याला एका जागी बसवत नव्हतं. रक्ताच्या तपासणीत काहीतरी वाढलेलं निघालं होतं, मग सुईने प्रोस्टेटचे तुकडे काढले होते. निकाल आणायला रीतीप्रमाणे थोरला मुलगा हैसम एकटाच गेला आणि हसत हसत परत आला. जरा जास्तच हसत. “साधी सूज आहे बाबा. गुरुवारी छोटंसं ऑपरेशन, की सुटलात.”

तेव्हापासून घरात कुणी भांडेना. गालिच्यावर लाकडाचा भुसा सांडला की बायको इनसाफ घर डोक्यावर घ्यायची. आता ती मुकाट्याने झाडू फिरवत होती. आज दुपारी तर तिने कबुतरं भरून शिजवली, ना सण ना पाहुणा, साध्या मंगळवारी! रिफअतने ताट बाजूला सारलं. चुलता मरणाला टेकला, तेव्हाही अशीच कबुतरं शिजली होती. साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, एक चुलता सोडून.

त्याने मुद्दामच फळीवरचा बापाचा रंधा काढला आणि वगीहसमोर धरला. “घे. तुझ्याकडे राहू दे.”

वगीहने नको म्हणायला हवं होतं. त्याने हुंदका दिला आणि रंधा घेतला. झालं, रिफअतला कळायचं ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात जातो सांगून तो निघाला आणि थेट इस्पितळ गाठलं.

“हैसम कुठाय?” डॉक्टर लबीबनी विचारलं.

“प्रोस्टेट माझं आहे, त्याचं नाही. माझ्या घरात मंगळवारी कबुतरं शिजली, डॉक्टर. आता लपवाछपवी पुरे. किती दिवस उरलेत ते सांगा.”

डॉक्टरांना हसू फुटलं आणि लगेच ते ओशाळले. “बसा, उस्ता. कॅन्सर आहे.”

रिफअतने खुर्ची ओढली आणि बसला. मनाची तयारी करून आला होता, तरी तो शब्द ऐकणं अवघड गेलं.

“पण ऐकून घ्या. लहान आहे, प्रोस्टेटच्या आतच आहे आणि सर्वांत संथ जातीचा आहे. पुष्कळ माणसं याला बाळगून म्हातारी होतात आणि भलत्याच कारणाने जातात.”

रिफअतने टेबलाची कड चाचपली. “काही लाकडांना जुनी कीड असते. जागची हलत नाही. खुर्ची नातवंडांपर्यंत चालते.”

“तसंच समजा. पण नजर ठेवायची. ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायचं, अधूनमधून एमआरआय, कधी पुन्हा सुई. वाढतोय असं दिसलं, तर ऑपरेशन किंवा किरणोपचार. सहसा तेव्हाही वेळ गेलेली नसते.”

“मग गुरुवारचं काय?”

“घरच्यांनी आग्रह धरला. ऑपरेशन करणं चूक नाही. पण नंतर लघवी गळू शकते, कधी कायमची. आणि बायकोजवळ जाणं...”

“हे हैसमला सांगितलंत?”

“सांगितलं. म्हणाला, बाबांचं आता वय झालंय.”

“वय झालंय?” रिफअत ताडकन उभा राहिला. “गाढव लेकाचा! बापाला विचारायचं तरी!”

“मीच विचारायला हवं होतं,” डॉक्टर खाली बघत म्हणाले. “आता विचारतो. काय करायचं?”

“नजर ठेवायची,” रिफअत म्हणाला.

घरी येताना तो नाईलच्या काठाने चालत राहिला. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भीती वाटत होती. जे अंगात आहे, ते घेऊन रोज झोपायचं कसं?

इनसाफ गुरुवारसाठी पिशवीत त्याचे कपडे भरत होती.

“इनसाफ, मला कॅन्सर आहे.”

तिने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. हा शब्द त्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. त्याने तिचा हात बाजूला केला. “आता तू म्हण.”

“माझी जीभ झडो. नाही म्हणणार.”

“मग मी एकट्याने राहायचं त्याच्याबरोबर?”

ती पलंगावर बसली. त्याने डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं, गुरुवारी ऑपरेशन नाही हेही सांगितलं.

“घरात साप शिरलाय आणि नुसतं बघत बसायचं?”

“हो. पण दोघांनी बघायचं. माझ्याच्याने एकट्याने नाही होणार, इनसाफ.”

ती रडली, खूप रडली. मग नाक पुसून, कुणाला ऐकू जाईल की काय अशा दबक्या आवाजात म्हणाली, “कॅन्सर.” आणि दुसऱ्याच क्षणी तिचा पारा चढला. “आणि सासऱ्यांचा रंधा दिलात त्या वगीहला? खिळा ठोकता येत नाही त्याला! आत्ताच्या आत्ता परत आणा!”

“कोणत्या तोंडाने मागू? तो बिचारा दार सरळ होतं म्हणाला.”

“सरळ? काहीतरीच! तिरकंच होतं, अजूनही आहे. पोरगी रोज खांदा लावून बंद करते.”

“माझं दार तिरकं? आणि इतकी वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही?” रिफअत इतक्या जोरात ओरडला की खालच्या मजल्यावरची खिडकी उघडली.

“आता सांगतेय ना!” तीही तितक्याच जोरात ओरडली.

“रंधा आणतो आणि ते दार आजच सरळ करतो!” म्हणत तो तणतणत दाराशी गेला आणि चपला शोधू लागला. घाईत चपलेत पाय शिरेना.

“थांबा,” इनसाफ डोक्याला रुमाल बांधत म्हणाली. “मी पण येते.”